ग्रास कटर पहिल्यांदा हातात घेताना

श्रावण सरत आला की आमच्या देवगडकडच्या वाड्यांमधून सकाळी सातलाच एक आवाज सुरू होतो. आधी फट् फट्, मग लांबलचक घर्रर्र. गणपतीला चाकरमानी यायच्या आत पाणंद मोकळी करायची असते, खळं साफ करायचं असतं आणि कलमांच्या बागेत कमरेएवढं वाढलेलं रान एकदा खाली आणायचं असतं. पूर्वी बेणणीला, म्हणजे रान साफ करायला, कोयती घेऊन आठ-दहा माणसं उतरायची. आता माणसं मिळत नाहीत, म्हणून दर दुसऱ्या घराच्या पडवीत पेट्रोलवरचा ग्रास कटर टांगलेला दिसतो. बिलावर त्याला ब्रश कटर म्हणतात.

मुंबईहून गावी येऊन राहिल्यावर मीही एक घेतला. दुकानदाराने पाच मिनिटं चालवून दाखवला आणि पहिल्या दोन महिन्यांत करता येतील तेवढ्या चुका मी करून घेतल्या. या मोसमात जे कोणी पहिल्यांदाच पट्टा खांद्यावर घेणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. गवत कापतं ते दांडीच्या टोकाला फिरणाऱ्या नायलॉन दोरीचं टोक. अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस नावाच्या माणसाला १९७१ साली गाड्या धुणाऱ्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून ही कल्पना सुचली. पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्याने त्यात मासे पकडायची नायलॉन दोरी ओवली आणि तो डबा फिरवला. थांबलेली असताना लुळी पडणारी दोरी वेगाने फिरली की ताठ होते आणि तिचं टोक पात्यासारखं चालतं. मशीन गवतात दाबलं की टोकाऐवजी दोरीचा मधला भाग गवतावर आपटतो, वेग पडतो, इंजिन गुदमरतं. पहिल्या दिवशी मी तेच करत होतो. गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणाच्या पलीकडून, वाडीतले एक काका बराच वेळ बघत उभे होते. शेवटी म्हणाले, "तां काय नांगार न्हय, रेटतंस कित्याक?" यापेक्षा चांगला धडा मला कुठल्याही पुस्तिकेत मिळाला नाही.

कोणतं घ्यावं

बाजारात टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक असे दोन प्रकार मिळतात. फोर-स्ट्रोकमध्ये साधं पेट्रोल टाकायचं, इंजिन ऑईल वेगळं. धूर कमी, आवाज जरा सौम्य, वजन थोडं जास्त. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलातच ऑईल मिसळावं लागतं, पण ते हलकं असतं आणि तालुक्याच्या गावातला कोणताही मेकॅनिक ते डोळे मिटून उघडतो. घराभोवतीचं आवार आणि पाच-दहा झाडं एवढंच असेल तर ३५ सीसीच्या आसपासचं फोर-स्ट्रोक घ्या, मिश्रणाची कटकट राहणार नाही. मात्र दर वेळी सुरू करण्याआधी त्याची ऑईल पातळी बघावीच लागते. उताराची मोठी बाग असेल तर मी टू-स्ट्रोकच घेईन. पुढचं बरंचसं तेच डोळ्यांसमोर ठेवून सांगतो.

अनुदानातून घ्यायचं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत थांबा. आधी खरेदी करून नंतर बिल पुढे केलं तर ते चालत नाही.

मिश्रण

ग्रास कटर बिघडतात ते बहुतेक गवतामुळे नव्हे, पेट्रोलमुळे. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला वंगण मिळतं ते पेट्रोलात मिसळलेल्या ऑईलमधूनच. ऑईल नसेल तर पिस्टन आणि सिलिंडर कोरडे घासतात आणि इंजिन जाम होतं. माझं मशीन एका दुपारी शेजारी गेलं. मी नेहमीच्या भाबडेपणाने कॅन द्यायला विसरलो. त्यांनी मोटारसायकलमधलं साधं पेट्रोल काढून टाकी भरली. मशीन परत आलं ते स्टार्टरची दोरी ओढूनही न हलणारं. तेव्हापासून मशीन मागायला कोणी आलं की सोबत मिसळलेल्या पेट्रोलचा कॅनही देतो.

प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत आणि ऑईलच्या बाटलीवर लिहिलेलं असतं. ५०:१ म्हणजे एका लिटरला २० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली आणि २५:१ म्हणजे ४० मिली. पुस्तिका एक सांगते आणि गावातला मेकॅनिक दुसरं, असं झालं तर वॉरंटी असेपर्यंत तरी पुस्तिकेचं ऐका. ऑईल टू-स्ट्रोकचंच, म्हणजे बाटलीवर २टी लिहिलेलं. मोटारसायकलच्या इंजिनात घालतात ते ऑईल यात चालत नाही, ते नीट जळत नाही आणि सायलेन्सरमध्ये काजळीचे थर बसतात.

मोजायला अंदाज नको, झाकणही नको. औषधाच्या दुकानातून २० मिलीची सिरिंज आणा. स्वच्छ कॅनमध्ये आधी अर्धं पेट्रोल ओता, त्यात मोजून ऑईल घाला, झाकण लावून चांगलं हलवा, मग उरलेलं पेट्रोल घालून पुन्हा हलवा. टाकी भरण्याआधी दर वेळी कॅन हलवायचा. कॅनवर मार्करने तारीख आणि प्रमाण लिहून ठेवा, नाहीतर घरातलं कोणीतरी हेच पेट्रोल स्कूटरमध्ये ओतणार.

मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करा. मोठ्या मशीनला तासाला साधारण पाऊण ते एक लिटर लागतं, त्या हिशेबाने आणा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळी हवेत अर्धवट भरलेला कॅन महिनाभर पडवीत राहिला तर तळाशी पाण्याचा थर बसू शकतो. ते इंजिनात गेलं की मशीन फटफटतं, बंद पडतं आणि आपण विनाकारण प्लग बदलत बसतो.

टाकी भरताना इंजिन बंद आणि निवलेलं हवं. दहा मिनिटं सावलीत बसा, पाणी प्या. आसपास बिडी पेटलेली नको. सांडलेलं पुसा आणि भरल्या जागेपासून दहा पावलं बाजूला जाऊन मशीन सुरू करा.

दोरी भरणं

नवख्याला सर्वांत जास्त रडवते ती दोरी. दुकानात २.४, २.७ आणि ३ मिलिमीटर जाडीच्या दोऱ्या मिळतात. गोल दोरी टिकते, चौकोनी किंवा धारदार कडांची दोरी जाड गवत चांगलं कापते पण दगडावर लवकर झिजते. आपल्या हेडला, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या फिरत्या डबीला, कोणती जाडी चालते ते बघून घ्या. जास्त जाड दोरी म्हणजे जास्त ताकद असं नाही, लहान इंजिन ती फिरवतानाच दमतं.

वापरायच्या आदल्या रात्री दोरीची गुंडाळी पाण्याच्या बादलीत टाकून ठेवा. सुकलेलं नायलॉन ठिसूळ होतं आणि टचकन तुटतं, पाणी प्यायलेली दोरी लवचिक राहते. हसू नका, करून बघा.

भरताना हेड उघडून आतली रीळ काढा. तीन-चार मीटर दोरी घ्या (रिळीवर किती मावते ते वेगवेगळं असतं) आणि मधोमध दुमडा. दुमड रिळीच्या मधल्या खाचेत अडकवा. रिळीवर बाण काढलेला असतो, त्याच दिशेने दोन्ही पदर आपापल्या कप्प्यात गुंडाळा. गुंडाळी घट्ट आणि शेजारी शेजारी हवी. एक फेरा दुसऱ्यावर चढला की दोरी बाहेर यायची थांबते. शेवटची वीतभर टोकं मोकळी ठेवून हेडच्या भोकांमधून बाहेर काढा आणि झाकण बसवा. हल्ली काही हेड न उघडता भरता येतात. त्यात खुणा जुळवून दोरी आरपार ओवायची, दोन्ही बाजू सारख्या करायच्या आणि खालची चकती फिरवत राहायची. असं हेड मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या.

दोरी झिजून आखूड झाली की फुल रेसवर हेडचा खालचा गोळा जमिनीवर हलकेच टेकवायचा, थोडी दोरी आपोआप बाहेर येते. दणका देऊ नका, कातळावर तर मुळीच नको. जास्तीची दोरी गार्डखालची (हेडवरच्या संरक्षक झाकणाखालची) छोटी पाती छाटते. गार्ड आडवं येतं म्हणून ते काढून टाकणारे खूप लोक आहेत. गार्ड नसलं की दोरी लांब राहते, इंजिनावर आणि क्लचवर भार येतो आणि दगड थेट नडगीवर येतात.

अजून एक. दोरी सारखी तुटते म्हणून काही जण तिच्या जागी बांधायची तार किंवा क्लचची केबल लावतात. कृपा करून असं करू नका. तारेचा तुकडा सुटला तर तो गोळीसारखा जातो, आणि कुठे जाईल हे कोणालाच सांगता येत नाही.

रानात शिरण्याआधी

पायात गमबूट, जाड फुल पँट, डोळ्यांवर गॉगल. चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, खडा बाजूनेही येतो. जाळीचं किंवा पारदर्शक फेस शिल्ड असेल तर उत्तम. कानात बोळे तरी घालाच, दिवसभराच्या कामानंतर रात्री कानात शिट्टी वाजते ती उगाच नाही. लुंगी, सैल टॉवेल, गळ्यातली उपरणी घरी ठेवा.

मग मशीन सुरू न करता हातात काठी घेऊन सगळा तुकडा एकदा चालून या. ही दहा मिनिटं मी कधीच वाचवत नाही. दगड, बाटल्या, जुन्या कुंपणाची तार, ठिबकच्या नळ्या, कोणीतरी रोवलेला खुंट, सगळं गवतात लपलेलं असतं. तार हेडला गुंडाळली तर झटका बसतो. काठी आपटत चालल्याने जनावरं सरकतात. आमच्याकडे जांभ्या दगडाच्या गडग्यात आणि सड्यावरच्या (कातळाच्या माळावरच्या) गवतात फुरसं नावाचा साप असतो, लहानसा, मातीच्या रंगाचा, पण विषारी. गमबूट मुख्यतः त्याच्यासाठीच. झुडपात गांधीलमाशीचं पोळं आहे का तेही बघा. इंजिनाच्या आवाजात माशांचा आवाज येत नाही, कळतं ते पहिला डंख बसल्यावरच. पोळं दिसलं तर तो कोपरा सोडून द्या.

माणसं, गुरं, कुत्री १५ मीटरच्या बाहेर. घरातली मुलं मशीन बघायला हमखास जवळ येतात. कोणी मागून येऊन खांद्याला हात लावू नये, समोरून लांब उभं राहून हात दाखवावा, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

पट्टा असा बांधा की मशीन हुकला लटकल्यावर हेड आपोआप जमिनीच्या थोडं वर तरंगेल. हेड जमिनीत घुसत असेल किंवा वर उचललं जात असेल तर हुक पुढे-मागे सरकवा. हे जमलं की हातांना फक्त दिशा द्यायची उरते. पट्टा झटक्यात सोडायची कळ कुठे आहे, ते एकदा डोळे मिटून करून बघा.

सुरू करणं

१. मशीन सपाट जागी आडवं ठेवा, हेड गवताला किंवा मातीला लागू देऊ नका.
२. स्विच ऑन करा. कार्बोरेटरखालचा रबरी फुगा सात-आठ वेळा दाबा, त्यात पेट्रोल दिसलं पाहिजे.
३. थंड इंजिन असेल तर चोक बंद करा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा अडवणारी झडप लावा.
४. डाव्या हाताने मशीन जमिनीवर दाबून धरा. स्टार्टरची दोरी आधी हळू ओढा, अडली की तिथून झटक्यात ओढा. पूर्ण टोकापर्यंत खेचू नका आणि हातातून सोडून देऊ नका, सोबत परत न्या.
५. एकदा फट् असा आवाज आला की चोक उघडा आणि पुन्हा ओढा. ते सुरू होतं.
६. मिनिटभर तसंच गरम होऊ द्या.

यातली पाचवी पायरी नवखे विसरतात. फट् झाल्यावरही चोक बंद ठेवून ओढत राहिलं की प्लग पेट्रोलने भिजतो. मग प्लग काढा, पुसून कोरडा करा, स्विच बंद ठेवून आणि चोक उघडून स्टार्टर आठ-दहा वेळा ओढा, प्लग लावा आणि पुन्हा सुरू करा. चालून गरम झालेल्या इंजिनाला चोक लागत नाही.

रेस सोडल्यावर हेड फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडलचा (रेस नसतानाच्या वेगाचा) स्क्रू थोडा सैल करा. त्याशेजारचे बाकीचे स्क्रू कार्बोरेटरचे, त्यांना मेकॅनिकशिवाय हात नको. नवीन मशीन पहिल्या दोन-तीन टाक्या तरी विनाकारण फुल रेसला ठेवू नका.

कापणं

बहुतेक सरळ दांडीच्या मशीनमध्ये हेड वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं. म्हणून उजवीकडून डावीकडे कापायचं. कापलेलं गवत डाव्या बाजूला, कापून झालेल्या जागेवर पडतं. परत उजवीकडे येताना कापायचं नाही, नुसतं आणायचं. मग अर्धं पाऊल पुढे. कमरेतून वळा, हातांनी ओढू नका. रेस आधी द्या आणि मग गवताला लावा. अर्ध्या रेसवर गवत कापलं जात नाही, हेडभोवती गुंडाळलं जातं.

कमरेएवढं गवत एकदम बुडातून कापायला जाऊ नका. आधी वरचा अर्धा भाग उडवा, मग खाली या. उतारावर आडवं चाला, आपण नेहमी कापलेल्या बाजूला उभं राहिलं पाहिजे. दव असलेलं सकाळचं गवत दोरीला मऊ लागतं, पण पाय घसरतात. गवत हेडला गुंडाळलं तर आधी स्विच बंद, मग हात. नुसती रेस सोडून हात घालणारे मी पाहिले आहेत.

वीस-पंचवीस मिनिटांनी थांबा. हाताला मुंग्या येत असतील तर ती इंजिनाच्या थरथरीची खूण आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

आता कलमांविषयी, कारण यात माझं स्वतःचं नुकसान झालं आहे. बुंध्याभोवतीचं गवत दोरीने सफाचट करायचा मोह होतो. दोरी सालीला जेमतेम लागते, वरून काही दिसतही नाही. पण पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीच्या आतल्या थरातून. बुंध्याच्या चहूबाजूंनी ती सोलली गेली की झाड हळूहळू उपाशी मरतं. माझं चार वर्षांचं हापूसचं कलम असंच गेलं. दिवाळीनंतर पानं पिवळी पडली, खोडकिडा असेल म्हणून मी औषध मारत बसलो आणि खाली वाकून बघितलं तेव्हा बुंध्याला बांगडीसारखा वळ होता. त्यानंतर बुंध्याभोवती हातभर जागा कोयतीसाठी सोडायची, हा आमच्याकडे नियम झाला. लहान कलमाला जुन्या पाइपचा उभा चिरलेला तुकडा घातला तरी चालतो. कापलेलं गवत मात्र झाडापाशीच आच्छादन म्हणून टाका, बुंध्याला चिकटवून नको.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दुसऱ्या कापणीला रानमोडी आणि घाणेरी या झुडपांची खोडं लाकडासारखी होतात, तिथे दोरी हरते. तिथे तीन टोकांचं पातं लावतात. पातं धरून ठेवणारा नट उलट्या आट्यांचा असतो. तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. गिअरबॉक्सच्या भोकात अ‍ॅलन की (षटकोनी चावी) घालून दांडा अडवायचा आणि मग नट फिरवायचा. पात्याची डावी बाजू कापायला वापरा. पुढची उजवी बाजू खोडावर किंवा दगडावर आपटली तर सगळं मशीन जोरात उजवीकडे झटका मारतं. कातळ वर आलेल्या जागी पातं लावूच नका, आणि दोरीवर निदान एक पूर्ण मोसम काढल्याशिवाय पात्याच्या नादी लागू नका.

निगा

संध्याकाळी मशीन निवल्यावर गार्डखाली चिकटलेलं गवत खरवडा, इंजिनाच्या पंखांमधला भुसा ब्रशने काढा आणि सगळे स्क्रू एकदा हाताने तपासा. थरथरीने ते सैल होतात. एअर फिल्टरचा स्पंज दर दोन-तीन दिवसांनी साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, मगच लावा. गिअरबॉक्सला साधारण २५ तासांनी ग्रीस. बाजूचा बोल्ट काढून थोडं भरायचं, ठासून नको. हात लावल्यावर गिअरबॉक्स चटका देत असेल तर ग्रीस संपलेलं असतं.

प्लग काढून बघायची सवय लावा. दुधाच्या चहासारखा तपकिरी रंग असेल तर सगळं ठीक. काळा, तेलकट असेल तर ऑईल जास्त किंवा फिल्टर तुंबलेला. पांढरा पडला असेल तर इंजिनाला पेट्रोल किंवा ऑईल कमी पडतं आहे, मशीन थांबवा. प्लगच्या टोकांमधलं अंतर ०.६ ते ०.७ मिलिमीटर असावं.

मशीन सुरूच होत नसेल तर प्लग सांगतो काय झालं ते. ओला असेल तर जास्त पेट्रोल गेलं आहे. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही, टाकीतला छोटा फिल्टर वाकवलेल्या तारेने बाहेर ओढून बघा, तो बहुधा गाळाने भरलेला असतो. नळीला चीर गेली आहे का तेही बघा. रेस दिली की दबत असेल तर एअर फिल्टर आणि सायलेन्सरची जाळी बघायची. पंधरा मिनिटं छान चालून बंद पडतं, टाकीचं झाकण उघडून लावलं की पुन्हा चालतं, असं असेल तर झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलं आहे. या एका गोष्टीसाठी मी दोनदा तालुक्याला फेरी मारली होती.

मोसम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटा राहत नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन-चार थेंब २टी ऑईल टाका, स्टार्टर एक-दोनदा हळू ओढा, प्लग परत लावा. मग मशीन पुसून आढ्याला टांगा, खाली ठेवलं तर उंदीर पेट्रोलच्या नळ्या कुरतडतात. सायलेन्सरच्या तोंडाला चिंधी बांधा, नाहीतर कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. आणि ती चिंधी जूनमध्ये काढायची असते. आम्ही एकदा विसरलो आणि अर्धी सकाळ कार्बोरेटरला शिव्या देत बसलो होतो.